हिलाल आप्पांची सहाबारी

हिलाल आप्पांना हळू बोलता येत नसे. म्हणजे त्यांनी कधी प्रयत्नच केला नाही, असं नाही. आमच्या गल्लीतल्या एका लग्नाच्या बोलणीत मुलाकडची मंडळी समोर सतरंजीवर बसलेली असताना आप्पा माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मते अगदी गुपचूप म्हणाले, "पोऱ्याले टक्कल शे! म्हनीसन टोपी काढत नही!"

हे गुपित रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानंसुद्धा ऐकलं. मुलानं बिचाऱ्यानं टोपी काढली. मुलगी आतून हसली, तिचं ते हसणं बाहेर आलं आणि लग्न ठरलं. आप्पा मात्र शेवटपर्यंत मला विचारत राहिले, की त्या पोरानं मध्येच टोपी का काढली.

आप्पा लूमचे मिस्त्री. पारोळ्याकडून विशीत सुरतेला आले आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी लिंबायत-उधन्याच्या पॉवरलूमच्या कारखान्यांत काढली. शंभर माग एकाच वेळी चालत असतात, तिथं माणूस माणसाशी ओठांनी बोलतो. आवाज काढून उपयोगच नसतो. आवाज फक्त तेव्हा काढायचा, जेव्हा कुणाचा हात पट्ट्यात जायची वेळ येते, आणि मग तो असा काढायचा की शंभर मागांच्या डोक्यावरून जाईल. त्यामुळे आप्पांच्या घशाला दोनच गिअर होते. एक, नुसते ओठ. दोन, हात वाचवण्याची आरोळी. चहाला साखर कमी आहे हेही ते दुसऱ्या गिअरमध्ये सांगत.

माझी त्यांची ओळख झाली तोवर कान जवळजवळ गेलेच होते. "ऐकतोय" असं ते कधी म्हणत नसत. समोरच्याच्या तोंडावर नजर रोवून म्हणत, "बोल, देखी ऱ्हायनू." बोल, मी पाहतोय.

आता मी कोण, ते सांगतो आणि बाजूला होतो. मी साड्यांच्या लेसचा व्यापारी आणि आमच्या खानदेशी नाट्य मंडळाचा सर्वेसर्वा. गोष्ट सांगायला मला फक्त एक माणूस लागतो. आप्पांच्या ओट्यावर मी पहिल्यांदा बसलो, घसा साफ केला, हात पसरले, सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला आप्पांनी तळहात वर केला.

"नाटक्या, मिशी काढ. वरला ओठ दखास नही."

माझी मिशी हे माझं भांडवल होतं. खलनायकाच्या सगळ्या भूमिका मला तिच्यामुळे मिळत. तरी मी ती अर्धी केली. असा श्रोता पुन्हा कुठं मिळणार होता? मी बोलत असताना तो डोळ्यांची पापणीही लववत नसे. बायको दोन दिवस माझ्याकडे नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तोंड उघडं पडल्यासारखं वाटतं." तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी आप्पांकडे जायला लागलो.

घरी ते एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा राजेंद्र हजीऱ्याला कारखान्यात क्रेन चालवायचा आणि तिकडेच कुटुंब घेऊन राहायचा. पोरगा चांगला. त्यानं कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते लावलं की भांडी, रिक्षा, शेजारचा मिक्सर, सगळं एकदम डोक्यावर आदळायचं आणि त्यात माणसाचा शब्द तेवढा सापडायचा नाही. ते मशीन आप्पांनी नटबोल्टच्या डब्यात ठेवून दिलं. राजेंद्र रविवारी व्हिडिओ कॉल करी. आप्पा मोबाईल डोळ्यांसमोर धरत आणि पाण्याच्या टाकीपर्यंत जाईल अशा आवाजात विचारत, "बरा शे का?" राजेंद्रचे ओठ हलत. मग नेटवर्क जाई आणि त्याचा चेहरा तोंड अर्धं उघडं ठेवून पडद्यावर थांबे. आप्पा त्या थांबलेल्या तोंडाकडे वाकून पाहत राहत. पुढचा शब्द आता येईल, मग येईल. मी शेजारी बसलेला असे. कॉल केव्हाच तुटलाय, हे त्यांना सांगणं दर वेळी माझ्याच नशिबी येई.

तर आता सहाबारी.

गणपतीत आमच्या मंडळाचा एक फार्स असतो, रविवारी दुपारी, कारखान्यांच्या पाळ्या सांभाळून. त्या वर्षी मी दरोडेखोर होतो आणि माझ्या हातात एक जडशीळ रिव्हॉल्व्हर होतं. एका बंद पडणाऱ्या फोटो स्टुडिओतून मी ते मिळवलं होतं. तिथं गिऱ्हाइकं ते कमरेला लावून फोटो काढून घेत. काळी दारू ठासून उडवायची जुनी रिव्हॉल्व्हरं असत, त्यांची ही इटलीत केलेली हुबेहूब नक्कल. लाकडी मूठ, पितळी कडी, सहा घरांचं चक्र, म्हणून आम्ही तिला सहाबारी म्हणायचो. नळीत शिसं ओतून ती कायमची बुजवलेली आणि पोलिसांचं तसं पत्रही सोबत. गोळी उडायचा प्रश्नच नव्हता. पण चक्राच्या मागच्या बाजूला सहा बारीक बोंडं होती. त्यांच्यावर पोरांच्या खेळण्यातल्या बंदुकीच्या टिकल्या बसवल्या आणि घोडा ओढला, की असा काही आवाज निघे की पहिल्या रांगेतली माणसं खुर्चीवरून उठत.

पहिल्या रांगेत आप्पा होते. ते नाटकाला नेहमी येत आणि सगळ्यांचे ओठ वाचत. कोण संवाद विसरून नुसतं तोंड हलवतोय, हे फक्त त्यांना कळे. दुसऱ्या अंकात मी घोडा मागं ओढला, डोळे फिरवले, चाप दाबला. फाट्!

आप्पा ताडकन उभे राहिले.

"आयकू उनं! मले आयकू उनं!"

नाटक थांबलं. ज्याला मी मारलं होतं तो मेलेला माणूस उठून बसला. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते दोन्ही हातांनी मला खुणावत होते, पुन्हा, पुन्हा. "वाजाड! नाटक्या, आखो वाजाड!" मग पब्लिकही ओरडायला लागलं. आणि माझ्यासारख्या माणसाला प्रेक्षकांनी पुन्हा म्हटल्यावर आणखी काय हवं? मी दुसरा बार काढला. तिसरा काढला. प्रत्येक बाराला आप्पा एखाद्या पोरासारखे उडत होते. चौथ्याला आतून "कट्" असा आवाज आला आणि घोडा लुळा पडला.

आप्पा रंगमंचावर चढले. गुडघ्यावर बसून त्यांनी पडलेले तुकडे रुमालात गोळा केले आणि मला म्हणाले (म्हणजे सगळ्या मांडवाला), "मनामुळे तुटनं. मीच करसू." माझ्यामुळे तुटलं, मीच दुरुस्त करणार.

पुढच्या रविवारी ओट्यावर त्यांनी मला खरं कारण सांगितलं. "डॉक्टर म्हने, जे उरेल शे ते बी वरीसभरमा जाई. त्याना आधी हाई वाजाले पाहिजे."

मी म्हणालो, "आप्पा, आवाजच ऐकायचा ना? थांबा." मी कोपऱ्यावरून सुतळी बॉम्ब आणला आणि त्यांच्या पाठीमागं लावला. गल्लीतली कुत्री स्टेशनापर्यंत पळाली. आप्पांनी छातीवर हात ठेवला.

"हाऊ धक्का शे. आवाज नही." मग त्यांनी मला नीट समजावलं. बॉम्ब कधी फुटेल ते कळत नाही, तो अंगावर येऊन आदळतो. सहाबारीचं तसं नाही. घोडा मागं जाताना दिसतो, बोट चापावर जाताना दिसतं. तेवढ्या वेळात कान जागा होतो, दार उघडून उभा राहतो. मग आवाज आला की तो सरळ आत येतो.

दुसऱ्या दिवसापासून मी पार्ट शोधायला लागलो.

पार्ट कुठंच मिळेनात. मी मुंबईला फोन केले, जयपूरला केले. शोभेची हत्यारं विकणारे म्हणत, अख्खं घ्या, पार्ट नाही. माझ्या भाचीनं इटलीच्या कारखान्याला इंग्रजीत मेल लिहिला. आम्ही इकडं काही पाठवत नाही, असं त्यांचं गोड उत्तर आलं. आप्पांना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्या काय करतीन? मिस्त्री मी शे."

त्यांनी सहाबारी पूर्ण उघडली आणि एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडला. घोडा पुढं ढकलणारी पोलादी पट्टी मोडली होती. चक्राला एकेक घर पुढं सरकवणारं बोटाच्या नखाएवढं खिट्टीसारखं काही होतं, तेही तुटलं होतं. आणि सहाही बोंडं चपटी झाली होती, हे पाप माझं. तालमीत मी टिकलीशिवाय घोडा आपटत बसायचो, ऐटीत. आप्पांनी ती खिट्टी चक्राच्या दात्यांवर ठेवून सरकवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हाई ते लूमच शे!"

खरंच तसं होतं. मागावर कापड जसं एकेक दाता पुढं सरकतं, तसंच हे चक्र. मोडीत गेलेल्या मागाच्या स्प्रिंगमधून त्यांनी पट्टी कापली, तापवली, तेलात बुडवली. चार तुटल्या, पाचवी बसली. खिट्टी त्यांनी कानशीनं घासून केली. या सगळ्यात दिवाळी गेली, थंडी गेली. दर रविवारी मी गोष्ट सांगायला जायचो आणि आप्पांची नजर माझ्या तोंडावर कमी आणि कानशीवर जास्त असायची. मला त्याचा राग यायला हवा होता. उलट मीच गोष्टी आखूड करायला लागलो.

अडलं ते बोंडांवर. बोंडाला खाली आटे असतात, ते चक्रात फिरवून बसवायचे. आप्पांनी लेथवाल्याकडून सहा करून आणली. दीड फेरीत अडकली. पुन्हा केली, पुन्हा अडकली. होळी झाली, ऊन चढलं, पहिला पाऊस पडला. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायचा आता पूर्ण थांबला होता. पूर्वी मी अगदी ओरडलो तर मान वळायची. आता वळत नव्हती. आम्ही दोघंही ते पाहत होतो आणि दोघंही बोंडांबद्दल बोलत होतो.

शेवटी आप्पा सहाबारी आणि तिचं पत्र पिशवीत घालून, मला घेऊन स्टेशनाकडच्या मशिनरी बाजारात गेले. आटे पाडायचं वेगळं हत्यार मिळतं का, ते बघायला. मी पार्किंग शोधत होतो. तेवढ्यात आप्पा भर दुकानात शिरले आणि हात वाचवण्याच्या आवाजात, सगळ्यांना समजावं म्हणून हिंदीत, ओरडले, "रिवॉल्वर का पार्ट है क्या? घोडा मैंने बना लिया! अब सिर्फ बार निकलना बाकी है!"

तो बाजार मी इतका शांत कधी पाहिला नव्हता. पंधरा मिनिटांत आम्ही चौकीत होतो.

जमादारानं सहाबारी टेबलावर ठेवून आप्पांना गुजरातीत प्रश्न विचारायला सुरुवात केली. गालात तंबाखूचा मावा होता. आप्पा खुर्चीतून पुढं सरकले, आणखी सरकले, जमादाराच्या नाकाला नाक लागेल इतके वाकले आणि म्हणाले, "साब, पहले थूँको. फिर पूछो. मुँह भरेला है, ओठ बराबर नहीं चलता."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा जमादार खिडकीतून थुंकत होता.

मग मी पत्र दाखवलं, नळीतलं शिसं दाखवलं आणि सगळी हकीकत सांगितली, अभिनयासकट. ऐकताना जमादारानं सहाबारी उचलून चक्र तीनदा फिरवलं. पोलीस असला तरी माणूसच. म्हणाला, "काका, आ तो बहु झीणुं काम छे. कतारगाम जाव. मारो साळो हीरामां छे, रमणीक. एनी पासे जाव." फार बारीक काम आहे, माझ्या हिरेवाल्या मेव्हण्याकडे जा.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं कतारगामला गेलो. हिऱ्याच्या कारखान्यात आवाज नसतो. पंचवीस माणसं फिरत्या चकत्यांवर वाकलेली, प्रत्येकाच्या चिमट्यात तिळाएवढा दगड. आप्पांनी दारातच चप्पल काढली, नम्रपणे हात जोडले आणि विचारलं, "रमणीकभाई कोन?"

एकाच्या चिमट्यातून हिरा उडाला.

"कोई हालशो नहीं!" कुणीतरी ओरडलं. आप्पांना ते ऐकू आलं नाही, पण समोरची पंचवीस माणसं गोठलेली दिसली. म्हणून तेही गोठले, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक हवेत. साठीपलीकडचा माणूस कितीतरी वेळ तसा उभा होता आणि त्याच्याभोवती लोक गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते. हिरा सापडला तो आप्पांच्या पायजम्याच्या दुमडीत.

रमणीकभाई नावाच्या त्या शांत माणसानं घाम पुसला, सहाबारीचं चक्र हातात घेतलं आणि डोळ्याला भिंग लावलं. दोन मिनिटं पाहिलं. मग आप्पांनी केलेलं एक बोंड पाहिलं. मग आप्पांना दिसावेत म्हणून ओठ सावकाश हलवत म्हणाला, "काका, तमे सूतमां मापो छो. आ मिलीमीटरना आंटा छे."

आप्पांनी त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. चाळीस वर्षं आप्पांचं सगळं जग सुतात होतं. दोन सूत नट, तीन सूत बोल्ट, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. आमच्या लूमला दुसरं माप ठाऊकच नाही. इटलीच्या बोंडावरही त्यांनी तेच माप लावलं होतं. सुताच्या जवळ जाई, पण बसत नसे. त्यात चार महिने गेले होते. ते चार महिने कोणते होते, हे आप्पांना माहीत होतं आणि मला माहीत होतं.

आम्ही एकदाचे कधी जातो, याची रमणीकभाईला घाई असावी. त्यानं आपल्या लेथवर त्याच दुपारी सहा बोंडं करून दिली. सहाही बोटांनी फिरली आणि तळापर्यंत गेली. येताना रिक्षात आप्पा आपलं जुनं अडकणारं बोंड बोटांत फिरवत होते. मग उधन्याच्या पुलावर म्हणाले, "मीच येडा." त्यांच्या मानानं ते फार हळू होतं. रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं नाही.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी सहाबारी जोडून झाली. आम्ही ओट्यावर बसलो. समोरच्या पत्र्यावर कबुतरं होती. आप्पांनी टिकली बसवली, मला म्हणाले, "तू वाजाड. मी देखस." मी उभा राहिलो. आप्पांना सगळं दिसेल असा हात लांब केला. घोडा मागं ओढला. ओढताना आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं, तो चेहरा दार उघडून उभा राहिला.

मी चाप दाबला. फाट्! सहाबारी पूर्वीपेक्षा चांगली वाजली. शेजारच्या बाईच्या हातातली बादली पडली.

आप्पा अजून वाट पाहत होते.

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "व्हयनं का?"

मी आयुष्यभर खोटं बोलण्यावरच टाळ्या मिळवल्यात. मी मान हलवली. "नाही वाजलं, आप्पा. टिकली ओली असेल. पावसाची हवा आहे."

आप्पांनी माझ्या ओठांवरून नजर काढली आणि समोरच्या रिकाम्या पत्र्याकडे नेली.

"मंग कबुतरं काबरं उडनात?"

मी खाली बसलो. आप्पांनी सहाबारी माझ्या हातातून घेतली, टिकलीचा काळा डाग फडक्यानं पुसला, तेलाचा एक थेंब सोडला. कबुतरं एकेक करून परत येऊन बसली. आप्पा त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते, मशीनचा दोष शोधताना बघायचे तसे. मग म्हणाले, "वाजस ना? मंग झायं काम."

गणपतीनंतर राजेंद्रनं आप्पांना हजीऱ्याला नेलं आणि पुढच्या उन्हाळ्यात ते तिथंच गेले, झोपेत. मी तेव्हा लग्नासाठी जळगावला होतो. त्यामुळे त्यांचं शेवटचं रूप माझ्याकडे आहे ते त्याच गणपतीतलं.

लोकांनीच मागणी केल्यामुळे आम्ही तोच फार्स पुन्हा लावला होता. मांडव भरलेला, माणसं बाहेर मोटरसायकलींवर उभी राहून बघत होती. दुसरा अंक आला. मी कमरेची सहाबारी उपसली आणि सवयीनं पहिल्या रांगेत पाहिलं. आप्पा तिथं नव्हते. ते उठून रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात, मांडवाच्या खांबाला खांदा लावून उभे होते, लोकांकडे तोंड करून.

मी घोडा ओढला. त्यांना तो दिसत नव्हता. पण समोरच्या तीनचारशे तोंडांना तो दिसत होता आणि आप्पा ती तोंडं पाहत होते. कुणी डोळे बारीक केले, कुणी खांदे आवळले, एका बाईनं मांडीवरच्या लेकराच्या कानांवर हात ठेवले. मग मी चाप दाबला आणि अख्खा मांडव एकदम हलला. कुणाच्या हातातले दाणे सांडले, कुणी दचकून शेजाऱ्याचा दंड धरला, मग आपणच दचकलो म्हणून हसायला लागलं. ते लेकरू रडलंच. आप्पा पहिल्या रांगेपासून सुरुवात करून एकेक चेहरा बघत मागं मागं जात होते. घाई नव्हती. हसणाऱ्याबरोबर त्यांचे ओठ हसत होते, त्या रडणाऱ्या पोराकडे पाहून त्यांनी चुचकारलं.

बाराच्या धुरात मी उभा होतो. पुढचं वाक्य माझं होतं आणि ते मला आठवत होतं. मी ते बोललो नाही. मागच्या रांगेतली माणसं आप्पांची अजून बघून व्हायची होती.